ड्रिपचा कंट्रोलर: एका उनोवर सात कामं, आरटीओएस टाकू का लूपमध्येच भागवू?

द्राक्षबागवाला · शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

निफाडकडं आमची साडेतीन एकर द्राक्ष आहे, विहिरीवर साडेसात एचपीची मोनोब्लॉक, ड्रिपचे चार प्लॉट. थ्री फेज लाईट मिळते ती पाळीनं, एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री, आणि रात्रीच्या आठवड्यात दोन वाजता उठून कॉक फिरवायला जायचा कंटाळा, म्हणून मागच्या वर्षी स्वतःच कंट्रोलर बनवायला घेतला. आयटीआय झालंय इलेक्ट्रॉनिक्समधून पण प्रोग्रामिंग व्हिडिओ बघून शिकलो, त्यामुळं शब्द चुकले तर हसू नका.

उनोवर (आर्डुइनोचा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड) सध्या एवढी कामं लादलीत: तिन्ही फेज आहेत का बघणं (ऑप्टोकपलर लावलेत), मोटरचा रिले, चार व्हॉल्व्ह वेळेप्रमाणं, दोन इंची लाईनवरच्या फ्लो मीटरचे पल्स मोजणं, मोटरच्या बॉडीला चिकटवलेला डीएस१८बी२० टेंपरेचर सेन्सर, सिम८००एल मोडमवरनं घरी एसएमएस, आणि १६ बाय २ चा एलसीडी तीन बटणांसकट. एकेकटं सगळं झकास चालतं. एका लूपमध्ये (परत परत फिरणाऱ्या प्रोग्रामात) एकत्र आलं की भाऊबंदकी.

व्हॉल्व्ह बदलताना आधी पुढचा उघडायचा, पाच सेकंद दोन्ही उघडे ठेवायचे आणि मग मागचा बंद, नाहीतर प्रेशरनं जॉइंट सुटतो, म्हणून तिथं डीले ५०००, म्हणजे अख्खा प्रोग्राम पाच हजार मिलिसेकंद तिथंच थांबतो. एसएमएस पाठवला की मोडमकडनं ओके येईपर्यंत थांबायचं, तिथं आणखी डीले. बटण दाबलं तर कधी लागतं कधी नाही, वडील तर दोन-दोन मिनिटं दाबून धरतात.

पण खरी भीती वेगळीच. परवा टेस्ट म्हणून मोटर चालू असताना फ्लो मीटरची वायर काढली, म्हणजे त्याला वाटावं पाणी आटलं. १० सेकंदात मोटर बंद पडायला पाहिजे असं लिहिलंय. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून उभा राहिलो. १०, १५, २०... कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा स्विच) खाली पडला तेव्हा ४१ सेकंद झाले होते. नेमका त्याच वेळी एसएमएस जात होता आणि रेंज नव्हती. खरोखर कोरडी फिरली असती तर सीलचं काय झालं असतं सांगायला नको.

मित्र म्हणाला फ्रीआरटीओएस (कामांना पाळीनं वेळ वाटून देणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, आरटीओएस) टाक, प्रत्येक कामाचा वेगळा टास्क होतो, सगळं एकाच वेळी चालतं. टाकलं. पाच टास्क केले. आता एलसीडीवर चिनी अक्षरं येतात आणि मन मानेल तेव्हा रीसेट होतो. कंपायलर म्हणतोय रॅम ४३ टक्केच वापरलीय. मग अडलंय कुठं?

---

खटपट्या · रात्री १०:५८

ईएसपी३२ घे. दोन कोर, २४० मेगाहर्ट्झ, ५२० केबी रॅम, फ्रीआरटीओएस आतच येतं. विषय संपला. २०२६ साली उनोवर मल्टिटास्किंग म्हणजे लुनावरून बारदाना वाहण्यासारखं आहे.

---

तापकीर_गल्ली · रात्री ११:२०

खटपट्याभाऊ, लुनावरून लोकांनी काय काय वाहिलंय ते पुण्यात येऊन बघा.

बागवाले दादा, कोडचं इथले जाणकार सांगतीलच, मी दुकानातला माणूस, मी वायरीचं बोलतो. रीसेटचं खापर लगेच आरटीओएसवर फोडू नका. सिम८००एल टॉवर शोधताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो. त्याला उनोच्या ५ व्होल्टवरनं दिलं असेल (आणि तसं द्यायचंच नसतं, त्याला ४ व्होल्टच्या आसपास लागतात) तर व्होल्टेज बसतं आणि बोर्ड रीसेट होतो. वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करून देणारा) लावा, मोडमच्या पायाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर (झटका शोषून घेणारा) आहे का? कॉइल सुटताना जो झटका येतो तो थेट एलसीडीच्या वायरीत शिरतो. चिनी अक्षरं मला तरी तिथलीच वाटतात.

दुसरं, त्यात जिओचं सिम टाकू नका, ते मोड्यूल टू-जीचं आहे. महिन्यातून एक जण तरी हे घेऊन येतो.

---

एम्बेडेड_ताई · रात्री ११:४७

तापकीर म्हणतायत ते तपासाच, पण रॅमचा घोळसुद्धा आहे आणि तो इथूनच दिसतोय.

उनोवरच्या ३२८पी चिपमध्ये रॅम २ केबी, म्हणजे २०४८ बाइट. ४३ टक्के म्हणजे साधारण ८८० गेले. पण कंपायलर मोजतो फक्त ग्लोबल व्हेरिएबल. टास्कचे स्टॅक (प्रत्येकाची कामापुरती जागा) प्रोग्राम चालू झाल्यावर हीपमधून, म्हणजे मोकळ्या रॅममधून घेतले जातात, ते त्या टक्केवारीत नसतातच. त्या लायब्ररीत कमीत कमी स्टॅक १९२ बाइटचा. तुमचे पाच आणि तिचा स्वतःचा आयडल टास्क, असे सहा. ६ गुणिले १९२ = ११५२. त्यात ८८० मिळवले की २०३२. उरले १६ बाइट. त्यात प्रत्येक टास्कची नोंद, सुरुवातीचा मूळ स्टॅक, स्ट्रिंगची जोडाजोड, हे सगळं बसवायचं. बसत नाही, मग एकाचा स्टॅक दुसऱ्याच्या घरात शिरतो आणि एलसीडीवर चिनी उमटतं.

१९२ तरी का लागतात? एव्हीआरला (३२८पी ज्या घराण्यातली त्या चिपला) ३२ रजिस्टर आहेत. टास्क बदलताना ते सगळे, वर स्टेटस रजिस्टर आणि परतीचा पत्ता, असे ३५ बाइट नुसते सामान बांधण्यात जातात. मग फंक्शनमधून फंक्शन, त्यात इंटरप्ट (चालू काम मधेच अडवणारी हाक) आला तर तोही त्याच स्टॅकवर बसतो.

आणखी एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. उनोची ती लायब्ररी आपला टिक (टास्क बदलायचा ठोका) वॉचडॉग टायमरवर चालवते, १५ मिलिसेकंदाचा. म्हणजे वॉचडॉगचं खरं काम, कंट्रोलर हँग झाला तर त्याला उठवणं, ते गेलं. रात्री दोन वाजता विहिरीवर एकट्या चालणाऱ्या डब्यात मला मल्टिटास्किंग नसलं तर चालेल, वॉचडॉग नसला तर चालणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. आरटीओएस का लूप हे नंतर ठरवा. आधी कागद घ्या आणि प्रत्येक कामापुढे एवढंच लिहा: हे किती उशिरा झालं तर चालेल? आणि हो, फ्लोचे पल्स सेकंदाला किती येतात?

---

द्राक्षबागवाला · रविवार, सकाळी ७:१५

ताई, कागद केला. पल्स फुल प्रेशरला सेकंदाला वीसेक. एकही चुकायला नको, पण मोजणी आणि तपासणी वेगळी करता येईल असं वाटतंय. फेज गेला तर अर्ध्या सेकंदात मोटर बंद. ड्राय रन १० सेकंद, त्यात अर्धा सेकंद इकडंतिकडं चालेल. बटण १०० मिलिसेकंदात लागलं तर हाताला बरं वाटतं. व्हॉल्व्हला दोन सेकंद उशीर झाला तरी द्राक्षाला काय फरक पडत नाही. टेंपरेचर १० सेकंदातनं एकदा. एसएमएस पाच मिनिटांनी गेला तरी चालेल, तसंही घरी मोबाईल देवघरात असतो.

लिहिल्यावर लक्षात आलं की ज्याला सगळ्यात जास्त उशीर चालतो तोच एसएमएस सगळ्यांना अडवून बसलाय.

---

पीएलसी_अण्णा · सकाळी ९:०३

मी अंबड एमआयडीसीत २२ वर्षं पीएलसीच (कारखान्यातली यंत्रं चालवणारे कंट्रोलर) करतोय, आणि मला या मुलांची गंमत वाटते. पीएलसीमध्ये टास्क-बिस्क आम्ही बघितलेच नाहीत फारसे. स्कॅन सायकल असते. सगळे इनपुट वाच, लॅडर (शिडीसारखा काढलेला प्रोग्राम) वरून खाली एकदा चालव, सगळे आउटपुट लिही, परत पहिल्यापासून. १० मिलिसेकंदात एक फेरी. त्यात थांब म्हणून इन्स्ट्रक्शनच नाही हो. पाच सेकंद हवेत तर टॉन टायमर लावायचा आणि शिडीच्या पुढच्या पायरीवर जायचं, टायमर भरला का नाही हे दर फेरीला बघायचं. पूर्ण कन्व्हेयर लाईन, ४० मोटरी, याच्यावर चालतात.

रात्री दारं धरणारा माणूस काय करतो? एका वाफ्याचं दारं फोडलं की तो भरेपर्यंत तिथंच उकिडवा बसतो का? बसला तर शेजारचा वाफा फुटून पाणी वाटेला लागलं समजा. बॅटरी घेऊन फिरत राहतो, हा भरला, बांध घाल, तो अर्धा, पुढं चल. तुझा लूप असा फिरता पाहिजे. डीले म्हणजे तंबाखू मळत बसलेला गडी.

---

शेंगदाणा · सकाळी ९:१०

अण्णा, शेवटच्या वाक्याला दंडवत 😂

---

नवशिक्या२०४८ · सकाळी ९:४४

मधेच विचारतो, मला मिलिसचं (बोर्ड चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगणारं फंक्शन) नीट कळलेलं नाही. मी लिहिलं होतं की व्हॉल्व्ह चालू करताना बंद व्हायची वेळ काढून ठेवायची आणि मिलिस त्याच्यापुढे गेला की बंद. आणि काळजी अशी की १० मिनिटं सांगितली तर तो १० सेकंदात बंद होतो, २० सांगितली तर २० सेकंदात, आणि ४० सांगितली तर बंदच होत नाही. बोर्ड बदलून बघितला. दुकानदार म्हणतो बोर्ड चांगला आहे.

---

एम्बेडेड_ताई · सकाळी १०:३१

बोर्ड चांगलाच आहे. दोन वेगळे रोग आहेत, तुम्हाला दोन्ही झालेत.

पहिला. मिनिटं गुणिले ६० गुणिले १००० असं लिहिलं असणार आणि मिनिटं इंटमध्ये. उनोवर इंट १६ बिटचा, ३२७६७ च्या पुढे मावत नाही. १० मिनिटांचे ६,००,००० व्हायला हवे होते. त्यातून ६५५३६ नऊ वेळा गळून गेले आणि हातात राहिले १०१७६. म्हणजे १० सेकंद! २० मिनिटांचे उरतात २०३५२, ३० चे ३०५२८. हा निव्वळ योगायोग आहे पण इतका बेमालूम की माणसाला वाटतं आपणच मिनिटाच्या जागी सेकंद लिहिले. ४० ला मात्र उत्तर ऋण येतं, उणे २४८३२, आणि बोर्ड चालू झाल्या झाल्या व्हॉल्व्ह उघडला असेल तर मिलिसमध्ये मिळवताना बिनचिन्हाचं होऊन ते चारशे एकोणतीस कोटींच्या घरात जातं. व्हॉल्व्ह बंद होईल, पण ४९ दिवसांनी. गुणाकारातल्या आकड्याला यूएल (अनसाइन्ड लाँगची खूण) लावा, व्हेरिएबल अनसाइन्ड लाँग करा.

दुसरा. "मिलिस पुढे गेला का" असं कधीच विचारायचं नाही. मिलिस ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येतो, तेव्हा ती तुलना तोंडावर आपटते. विचारायचं "सुरुवात होऊन किती वेळ झाला". कोड मुद्दाम मराठीत लिहिते:

जर (आत्ता - सुरुवात >= कालावधी) तर बंद_करा

वजाबाकी बिनचिन्हाची असेल तर मिलिस शून्यावरून गेला तरी उत्तर बरोबरच येतं. घड्याळात ११ ला निघालो, १ ला पोचलो, दोनच तास झाले, तसं.

---

खटपट्या · दुपारी १२:०५

सगळं मान्य, पण मला एक कळत नाही, एवढी कसरत कशासाठी? मिलिस, स्टेट मशीन (काम अवस्थांमध्ये तोडून एका वेळी एकच अवस्था बघणं), यूएल, अमुक तमुक. ईएसपी३२ वर प्रत्येक टास्कमध्ये सरळ लिहायचं, थांब म्हटलं की तो एकटा थांबतो, बाकीचे चालू. वाचायलाही सोपं. उद्या ह्यांना मोबाईलवर वेब पेज हवं झालं, एमक्यूटीटी (नेटवरनं निरोप पाठवायची पद्धत) हवं झालं, की उनो तसाही फेकावाच लागणार.

---

एम्बेडेड_ताई · दुपारी १:२०

खटपट्या, यात तथ्य आहे. वायफाय, टीएलएस, दुसऱ्याने लिहिलेली आणि आत थांबून बसणारी लायब्ररी, हे आलं की आरटीओएस घ्यावाच. ईएसपी३२ वर तर तुम्ही घेतला नाही म्हणालात तरी तो असतोच, आर्डुइनोचा लूप हाच तिथे एक टास्क असतो. मी दिवसभर ऑफिसात आरटीओएसवरच काम करते.

म्हणूनच सांगते, तो घेतला की जुने प्रश्न जातात आणि नवे येतात. एलसीडीवर दोन टास्क एकदम लिहायला लागले की म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारी किल्ली) आला. म्युटेक्स आला की प्रायॉरिटी आली. १९९७ साली नासाचं पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत आपोआप रीसेट व्हायला लागलं. हवामानाच्या नोंदी घेणारा खालच्या प्रायॉरिटीचा टास्क बसचा म्युटेक्स धरून बसायचा, वरचा टास्क त्याची वाट बघायचा, आणि मधल्या प्रायॉरिटीचा एक लांब चालणारा टास्क खालच्याला उठूच द्यायचा नाही. वरच्याला उशीर झाला की वॉचडॉग सगळं रीसेट करायचा. व्हीएक्सवर्क्समध्ये (त्यावरचा आरटीओएस) प्रायॉरिटी इन्हेरिटन्स नावाचा, किल्ली धरणाऱ्याला तेवढ्यापुरती वरची प्रायॉरिटी देणारा पर्याय होता, त्या म्युटेक्सला तो लावलेला नव्हता, शेवटी पृथ्वीवरून पाठवून लावला. फ्रीआरटीओएसमध्ये आजही म्युटेक्सला तो मिळतो, बायनरी सेमाफोरला मिळत नाही, आणि नवीन मुलं सर्रास सेमाफोर लावतात.

शिवाय बोर्ड बदलला की आकड्यांचा अर्थ बदलतो. स्टॅक १२८ लिहिला तर एव्हीआरवर ते १२८ बाइट, एसटीएम३२ (दुसऱ्या घराण्याची चिप) वर १२८ वर्ड म्हणजे ५१२ बाइट, ईएसपी३२ वर परत बाइट. एकाचा कोड दुसऱ्यावर चिकटवून आमच्याकडे एकाची अख्खी दिवाळी ऑफिसात गेलीय.

बागवाल्यांच्या कागदावर सगळ्यात घाईचं काम अर्ध्या सेकंदाचं आहे. अर्धा सेकंद म्हणजे १६ मेगाहर्ट्झला ८० लाख क्लॉक. एवढ्या वेळात लूप आरामात शेकडो फेऱ्या मारेल, फक्त कुणी त्यात बसून राहायला नको.

---

शून्यबाइट · दुपारी २:०२

मधला रस्ता कुणीच सांगितला नाही. प्रोटोथ्रेड. अ‍ॅडम डंकेल्स यांचे, कॉन्टिकी नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम करणारे. लिहायला टास्कसारखं सरळ, पण प्रत्येकाला वेगळा स्टॅक नाही, एका थ्रेडला दोन बाइट पुरतात. आत स्विच-केसची चलाखी आहे. तोटा असा की थांबून परत आल्यावर लोकल व्हेरिएबल पुसलेले असतात, स्टॅटिक करावे लागतात, आणि थ्रेडच्या आत स्वतःचा स्विच लिहिला तर डोक्याला शॉट. मी हवामान केंद्रासाठी वापरलंय, सहा थ्रेड, उनोवरच.

---

पीएलसी_अण्णा · दुपारी २:३०

चांगलंय, पण ह्या पोराला सहा महिन्यांनी कोड उघडल्यावर कळलं पाहिजे, रात्री दोनला, विहिरीवर. स्टेट मशीन कागदावर गोल काढून बघता येते. माझं मत तेच.

---

द्राक्षबागवाला · सोमवार, रात्री ११:५०

आरटीओएस काढला. सगळे डीले शोधून काढले, १७ निघाले. एसएमएसचं मशीन असं केलं, तपासा जरा:

निवांत: रांगेत मेसेज असेल तर मोडमला हाक मार, वेळ लिही, पुढच्या अवस्थेत जा
प्रॉम्प्टची_वाट: मोठा-आहे चं चिन्ह आलं तर मजकूर आणि कंट्रोल-झेड पाठव, पुढे जा. ५ सेकंद झाले तर चुकला मध्ये जा
उत्तराची_वाट: ओके आलं तर मेसेज रांगेतनं काढ, निवांत. ६० सेकंद झाले तर चुकला मध्ये जा
चुकला: २ मिनिटं काही करू नको, मग निवांत

प्रत्येक फेरीला यातलं एकच घर उघडतं, बघतं, बाहेर. मोडमकडनं आलेली अक्षरं पण एकेक करून गोळा करतो, पूर्ण ओळीची वाट बघत नाही. व्हॉल्व्ह बदलायचं पण असंच तीन घरांचं झालं.

टेंपरेचरमध्ये एक गंमत सापडली. डीएस१८बी२० ला १२ बिटवर मोजायला ७५० मिलिसेकंद लागतात आणि लायब्ररी तेवढा वेळ आत थांबून राहते, आपल्याला कळतही नाही, कारण तिथं डीले आपण लिहिलेलाच नसतो. थांबू नको असं सांगायची सोय आहे त्यात. आता मोज म्हणतो, निघून जातो, एक सेकंदानं येऊन आकडा घेतो.

मग फेरीला लागणारा जास्तीत जास्त वेळ मायक्रोसनं मोजला आणि एलसीडीच्या कोपऱ्यात दाखवला. ५८ मिलिसेकंद! एवढं सगळं करून? शोधलं तर एलसीडीच निघाला, दर वेळी पुसून ३२ अक्षरं आय-टू-सीवरनं लिहायचं त्यातच चाळीसेक जात होते. आता मजकूर रॅममध्ये ठेवतो आणि फेरीला एकच अक्षर पाठवतो, ते पण बदललं असेल तरच. १४ वर आलं.

एक शंका राहिली. फ्लोचा आकडा मधेच एकदम उडी मारतो. २५० च्या आसपास असताना एकदा ५११ दिसला, दुसऱ्या क्षणी परत ठीक.

---

एम्बेडेड_ताई · मंगळवार, सकाळी ८:१०

५११ आकडा लिहून ठेवलात म्हणून पटकन सांगता येतंय. पल्स इंटरप्टमध्ये मोजता ना? मोजणी १६ बिटची, प्रोसेसर ८ बिटचा, म्हणजे वाचताना दोन हप्ते. मोजणी २५५ असताना लूपने खालचा बाइट वाचला, तो २५५. तेवढ्यात इंटरप्ट आला, मोजणी २५६ झाली, म्हणजे वरचा बाइट १ आणि खालचा ०. लूप परत येऊन वरचा वाचतो, १. जोडले की २५६ अधिक २५५, झाले ५११. व्होलाटाइल लिहिलं असलं तरी यातून सुटका नाही, ते फक्त दर वेळी रॅममधून ताजं वाचायला लावतं. वाचण्याआधी इंटरप्ट बंद, कॉपी, परत चालू, बस. कामं सगळी त्या कॉपीवर.

आरटीओएस असो वा नसो, हा प्रश्न तुमच्या मागे येणारच. एक इंटरप्ट जरी लावला तरी मल्टिटास्किंग सुरू झालंच.

आणि मोडम सॉफ्टवेअर सीरियलवर असेल तर हार्डवेअर सीरियलवर न्या. सॉफ्टवेअरवाला एकेक अक्षर पाठवताना इंटरप्ट बंद ठेवतो, ९६०० ला सुमारे एक मिलिसेकंद.

---

तापकीर_गल्ली · सकाळी ११:००

दादा, एक राहिलं. कोड कितीही चांगला झाला तरी फेज गेल्यावर मोटर वाचवायचं काम एकट्या कोडवर ठेवू नका. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले आहेच, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटर बंद पाडणारा) वेगळा टाका. रिवाइंडिंगच्या बिलाच्या मानानं स्वस्त पडतो. तुमचा कंट्रोलर त्याच्या वर, त्याच्या बदली नाही.

---

खटपट्या · दुपारी १२:१५

ओके, मी हरलो, १४ मिलिसेकंद म्हणजे भारी आहे. पण लाईट गेली आणि परत आली की कुठला प्लॉट चालू होता ते कसं कळणार? ईईप्रॉममध्ये (लाईट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) दर मिनिटाला लिहितोस का?

---

द्राक्षबागवाला · शनिवार, दुपारी ४:३५

खटपट्याभाऊ, आधी दर मिनिटालाच लिहीत होतो. मग हिशोब केला, एका जागेवर एक लाख वेळा लिहिण्याची गॅरंटी, मोटर आठ तास चालते म्हणजे दिवसाला ४८०, २०८ दिवसात लाख पुरे. आता प्लॉट बदलला तरच लिहितो, दिवसातनं चार वेळा. लाईट गेली तर तो प्लॉट पहिल्यापासून, थोडं जास्त पाणी जाईल, चालतंय.

आज दिवसाची पाळी होती म्हणून सगळं बसवून टेस्ट केली. मोटर चालू, सिम काढून ठेवलेलं, एसएमएस मुद्दाम अडकवला, वडील बटणं दाबतायत, आणि फ्लोची वायर काढली. १०.३ सेकंद. तीनदा केलं, तिन्ही वेळा दहा आणि थोडं वर. मग एका फेजचा फ्यूज काढला, नवीन प्रिव्हेंटर आणि कंट्रोलरचा रिले यात आधी कोण पडलं ते आवाजावरनं सांगता आलं नाही. वॉचडॉग ८ सेकंदाचा लावलाय, मुद्दाम लूप अडकवून बघितला, उठतो.

मोडमच्या कपॅसिटरनंतर आठवडाभर एकही रीसेट नाही. आता एसएमएस मराठीत पाठवायचं मनात आहे, आई वाचेल.

---

शून्यबाइट · संध्याकाळी ५:०२

मराठीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच बसतात, १६० नाही, आणि मोडमला ती युसीएस२ हेक्समध्ये द्यावी लागतात, एका अक्षराला चार चिन्हं. काना-मात्रा पण मोजतात. "मोटर बंद, पाणी नाही" एवढंच ठेव. आणि सगळे मजकूर फ्लॅशमध्ये ठेव, रॅममध्ये नको.

---

एम्बेडेड_ताई · संध्याकाळी ६:४०

छान! एकच विचारते, वॉचडॉगने रीसेट केला त्या क्षणी मोटर चालू राहते का बंद होते? रिलेचा एनओ (एरवी उघडा संपर्क) वापरलाय का एनसी (एरवी जोडलेला)?

---

द्राक्षबागवाला · संध्याकाळी ७:०५

एनओ, ताई. रीसेटला पिन सुटते, रिले पडतो, मोटर बंद. परत चालू व्हायच्या आधी दोन मिनिटं थांबतो आणि तिन्ही फेज बघतो. ती दोन मिनिटं पण मिलिसवरच मोजलीत, यूएल लावून 😄

---

पीएलसी_अण्णा · रात्री ९:२०

ऑक्टोबर छाटणी झाली की ये अंबडला, एक जुना पीएलसी पडलाय माझ्याकडं, घेऊन जा. आणि तंबाखूवाला गडी काढलास ना, १७ च्या १७?

---

द्राक्षबागवाला · रात्री ९:३१

१६. एक सेटअपमध्ये ठेवलाय अण्णा, एलसीडीवर "नमस्कार" दिसायला. वडिलांनी काढू दिला नाही.